गाडीखालची दुपार

एका जंगलात धड रस्ता नव्हता, पण मोबाईलला रेंज मात्र प्रत्येक झाडावर होती. त्या जंगलात गेणू नावाचं अस्वल राहायचं आणि त्याच्या दारात एक जीपगाडी उभी असायची.

अस्वलाकडं जीप आली कुठून, असं विचारू नका पोरांनो. तुमच्या शेजाऱ्याकडं एवढी मोठी गाडी कुठून आली, हे तुम्ही कधी विचारलंत का? सासऱ्याकडून आली. गेणूचीही तिथूनच आली.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे. घाटापलीकडच्या रानातलं मोठं मानाचं अस्वल. म्हातारपणी वैद्यबुवांनी त्यांचं गोड तोडलं होतं. मधाचा थेंब चालणार नाही, उंबरसुद्धा बेतानं खा, असा दंडक. अस्वलाला मध बंद, म्हणजे बघा काय अवस्था! पण आबांनी कधी कुरकुर केली नाही. त्यांचा सगळा जीव त्या जीपगाडीत. दर अवसेला दुपारचं जेवण झालं की आबा ग्रीसची पिचकारी घ्यायचे, गोणपाट पसरायचे आणि गाडीखाली शिरायचे. ते उन्हं कलल्यावरच बाहेर यायचे. पाठीला माती, मिशांना काळं, आणि तोंडावर असं समाधान की बघणाऱ्याला वाटावं, तप करून उठलेत.

आबा गेले. सुतक फिटल्यावर सासूबाईंनी, म्हणजे भागाबाईंनी, दोन्ही जावयांना समोर बसवलं. थोरला नाथा. धाकटा गेणू.

"गाडी धाकट्याला देते," भागाबाई म्हणाल्या.

नाथाचं तोंड एवढंसं झालं. तो मोठा टापटिपीचा. त्याच्या गुहेत वारुळातली मातीसुद्धा रांगेत ठेवलेली असायची. "मामी, मला गाडीतलं सगळं कळतं," तो म्हणाला.

"म्हणूनच," भागाबाई म्हणाल्या. मग गेणूकडं वळल्या. "जावईबापू, एक अट आहे. दर अवसेला शाफ्टच्या सांध्यांत ग्रीस भरायचं. घरच्या घरी. स्वतः गाडीखाली निजून. फिटरकडं न्यायची नाही. आमच्या ह्यांनी एक अवस चुकवली नाही. ज्या दिवशी गाडी वाजेल, त्या दिवशी ती नाथाच्या दारात जाईल."

"त्यात काय मामी," गेणू म्हणाला. "आपल्या हातचं काम आहे."

त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सासूसमोर 'येत नाही' म्हणणारा जावई अजून कुठल्या रानात जन्मायचाय.

आता शाफ्ट म्हणजे काय ते ऐका. जीपच्या पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा गेलेला असतो. पुढचं इंजिन त्याला फिरवतं, तो मागच्या चाकांना फिरवतो. दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे, आपल्या गुडघ्यासारखे. प्रत्येक सांध्याला एक बारकी घुंडी. पिचकारीचं तोंड घुंडीवर बसवायचं आणि दाबत राहायचं. नवं ग्रीस आत जातं, जुनं काळं कडेनं बाहेर येतं. मग पुसायचं आणि उठायचं. पान लावून खाऊन होईल, तेवढ्यात काम संपतं.

संपतं ना? मग आबा उन्हं कलेपर्यंत काय करायचे? हे गेणूच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या आलं असेल तर गप्प बसा. गोष्ट पुढं जाऊ द्या.

गाडी घरी आली. गेणूच्या बायकोनं, सोनानं, पिचकारी उचलली, पुसली आणि थेट देव्हाऱ्यात ठेवली. वर हळदीकुंकू, झेंडूचं फूल.

"अगं, ती कामाला लागेल," गेणू म्हणाला.

"आबांच्या हातातली शेवटची वस्तू आहे ती. हात लावायचा नाही."

"मग ग्रीस कशानं भरू?"

"पंजे आहेत की एवढाले!"

पहिली अवस आली. वैशाखातली. गेणू ग्रीसचा डबा घेऊन गाडीखाली शिरला. आणि काय सांगावं! बाहेर पळसाखालीसुद्धा भाजून निघत होतं, पण गाडीखाली गारवा. गेणूनं डब्यात पंजा घातला आणि दांड्याला वरून ग्रीस फासलं. सढळ हातानं. सणाच्या दिवशी पोराच्या डोक्याला तेल थापावं तसं. दांडा चकाकायला लागला. सांध्यावरच्या घुंडीजवळ त्याचा पंजा थांबला. ही काय आहे? एवढीशी, गोल, आपली आपण उभी. त्याला काही कळेना. ज्याचं काही कळत नाही त्याला नमस्कार करावा, म्हणून त्यानं नमस्कार केला. मग हात पोटावर ठेवून तो जरा टेकला.

वरून आवाज येत होते. पोरं विचारत होती, "आई, बाबा कुठंयत?"

"बाबा काम करतायत. तिकडं फिरकू नका," सोना म्हणत होती.

शेजारचं रानडुक्कर पाट्याचा दगड उचलायला हाक मारत आलं होतं. सोनानं त्यालाही परत लावलं. "ग्रीसिंग चाललंय भाऊजी. मधेच उठता येत नाही."

गेणूनं हे ऐकलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्याला कुणी कशाला उठवत नव्हतं. त्याचे डोळे मिटले.

उन्हं कलल्यावर तो बाहेर आला. पाठीला माती, मिशांना काळं. सोनानं त्याला मोहाच्या फुलांचं गरम गरम सार दिलं. "दमलात ना हो," ती म्हणाली. तिचे डोळेही जरा सुजल्यासारखे होते, झोपून उठल्यावर असतात तसे. पण नवरे असलं काही बघतात होय?

झालं. गेणू अवसेची वाट बघायला लागला.

रानात नाव झालं. "स्वतःच्या हातानं करतो बघा." झाडावर झिपऱ्या नावाचं वानर राहायचं. त्याच्याकडं मोबाईल होता आणि त्याला सांगायला नेहमी काहीतरी असायचं. त्यानं गाडीखालून दिसणाऱ्या गेणूच्या तळपायांचा व्हिडिओ काढला. त्यावर आपलं बोलणं घातलं. "मित्रांनो, सांधा आपल्याशी बोलतो. आपण फक्त शांत पडून ऐकायचं." झिपऱ्या जन्मात गाडीखाली गेला नव्हता. व्हिडिओ मात्र घाटापलीकडंही पोचला.

मग रानातल्या सगळ्या नवऱ्यांना घरच्या घरी ग्रीसिंग करायची हौस आली. गव्याकडं गाडी नव्हती. तो कुणीतरी टाकून दिलेल्या बैलगाडीखाली मावेल तेवढा शिरला. साळिंदराकडं तेही नव्हतं. ते खाटेखाली गेलं.

"खाटेला शाफ्ट असतो का हो?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"असतो. बारीक असतो. वरून दिसत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि खाटेवर जाऊन आडवी झाली.

अवसेच्या दुपारी रान असं शांत व्हायचं की पान पडलेलं ऐकू यावं. पाखरांना वाटायचं, वाघ आलाय.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्याराची, गाडीची पूजा. सोनानं वरून गाडीला हार घातला, चाकाला कुंकू लावलं. खालची पूजा गेणूकडं. त्यानं विचार केला, एवढा मोठा दांडा, पण त्यात मानाची जागा कुठली? ती घुंडी. त्यानं घुंडीला हळद लावली, कुंकू लावलं. ग्रीसवर ते असं बसलं की पुसता पुसेना. पुढच्या खंडेनवमीला वर आणखी एक थर. पुढच्याला आणखी. घुंडी गुबगुबीत झाली, शेंदूर चढलेल्या म्हसोबासारखी. वरून दांडा चकचकीत, आत सांधा कोरडा ठणठणीत. कोण आला गेला वाकून बघायचा आणि म्हणायचा, "वा! गाडी ठेवावी तर अशी."

एक दिवस गाडी सुरू करताना खालून आवाज आला. "टक्."

गेणूला सासूबाईंची अट आठवली.

मग वळणावर यायला लागलं. "टक्-टक्." मग चढावर. "टक्-टक्-टक्." गेणू गाडी चालवताना मोठ्यानं गायला लागला. गाणं संपलं की आवाज ऐकू यायचा, म्हणून गाणं संपवेना. शेवटी त्यानं गाडीला पुढं घुंगरांची माळ बांधली. झिपऱ्यानं त्याचाही व्हिडिओ केला. पुढच्या आठवड्यात गव्यानं बैलगाडीखाली जाताना स्वतःच्या गळ्यात घुंगरं बांधली.

त्यातच सोनाला पिल्लू झालं. बारसं ठरलं. आणि होल्याच्या चोचीतून सासूबाईंचा निरोप आला. "मला न्यायला या. गाडी घेऊन या. आणि आमच्या ह्यांची पिचकारी बरोबर आणा. घाटमाथ्यावर थांबून एकदा ग्रीस भरायची त्यांची रीत होती. मला ती बघायचीय."

गेणूचं जेवण तुटलं. "नाथाभाऊ येणारेत का बारशाला?" त्यानं बायकोला विचारलं.

"येणार तर. परत जाताना चालत जाणार नाही, असं सगळीकडं सांगतायत म्हणे."

गाडी आली तेव्हापासून गेणू काय काय होऊन बसला होता! रानात त्याला उठून जागा देत. पोरं "आमचे बाबा" असं छाती काढून म्हणत. आणि अवसेची ती दुपार! ती गेली तर परत दगड उचल, पाणी आण, पोरं सांभाळ, सगळं पाठीमागं लागलं असतं. गाडीशिवाय गाडीखाली कसं निजणार? खाटेखाली साळिंदर निजू शकतं. अस्वलाचं काम नाही ते.

निघायच्या दिवशी सोनानं देव्हाऱ्यातून पिचकारी काढली. तिच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. ती कायमच असायची.

"मुंग्यांनासुद्धा आबांची किती ओढ बघा," सोना म्हणाली आणि फुंकर मारून त्या उडवल्या.

घाट चढून गेणू पलीकडं पोचला. भागाबाई दारातच बसल्या होत्या. गाठोडं बांधून तयार. त्या गाडीत बसल्या आणि पहिलं काय म्हणाल्या, "जावईबापू, ती घुंगरं काढा. मला गाडी ऐकायचीय."

घुंगरं काढली.

टक्-टक्-टक्-टक्.

भागाबाई समोर बघत राहिल्या. गेणू खोकला. एकदा करवंदांच्या भावाबद्दल बोलला, एकदा हवेबद्दल. घाटमाथा आला तसा भागाबाईंनी हात वर केला.

"थांबवा. भरा ग्रीस."

गेणू पिचकारी घेऊन गाडीखाली शिरला. आता झोप कसली! चाकाशेजारी सासूबाईंची पावलं दिसत होती, मातीत रोवून उभी. त्यानं वर बघितलं. सगळीकडं ग्रीस लावून झालेलं, तरी वाजतंय. म्हणजे न लावलेली जागा एकच. ती कुंकवाच्या ढेकळाखाली असणार. "माफ कर बाई," असं त्या घुंडीला म्हणून त्यानं नखानं ते ढेकूळ खरवडलं. एक थर, दुसरा थर. आतून बारकी, गोरीपान घुंडी निघाली. पिचकारीचं तोंड तिच्यावर टक्कन बसलं. जणू दोघांची जुनी ओळख.

गेणूनं दाबलं. काही नाही. जोर लावून दाबलं. आत काहीतरी कुरकुरलं. आणि सांध्याच्या कडेनं एक पिवळा, दाणेदार थेंब फुगत फुगत आला आणि त्याच्या नाकावर पडला.

गेणूनं जीभ फिरवली.

मध.

जुना, साखर धरलेला, पण अस्सल आग्या मोहोळाचा मध. अख्खी पिचकारी भरून.

गेणू तसाच पडून राहिला. आबा! दर अवसेला! उन्हं कलेपर्यंत! ते तोंडावरचं समाधान!

आता पोरांनो, हे बघा. गेणूनं एवढंच ओरडून सांगितलं असतं तरी पुरे होतं, "मामी, आबा ग्रीस भरतच नव्हते! चोरून मध खायचे!" मग त्याला कोण बोलणार? गाडी त्याच्याच दारात राहिली असती. शब्द त्याच्या ओठावर आलाही होता. पण त्याला ती पावलं दिसली. म्हातारी झालेली, नखं झिजलेली. ती पावलं इतकी वर्षं याच घाटमाथ्यावर, याच गाडीशेजारी अशीच उभी राहिली असणार.

गेणूनं तो शब्द मधाबरोबर गिळला. मग त्यानं पुढच्या सांध्यात मध भरला, मागच्या सांध्यात मध भरला, गोणपाटानं पुसलं आणि बाहेर आला.

"भरलं मामी. आबांसारखंच."

गाडी सुरू केली. आवाज बंद! घट्ट मधात सांधा बुडाला, तो टक् म्हणेल कशाला? गेणूच्या जिवात जीव आला. दोन वळणं गेली.

"जावईबापू," भागाबाई म्हणाल्या.

"काय मामी?"

"ग्रीसचा वास गोड येतोय."

"हल्ली... हल्ली ग्रीस असंच येतं मामी. सुगंधी."

"पिचकारी ह्यांची. त्यात हल्लीचं ग्रीस कुणी घातलं?"

गेणूनं उगाचच गिअर बदलला.

"अस्वलीण आहे मी," भागाबाई म्हणाल्या. "मधाचा वास मला कळत नाही होय? दर अवसेला हे गाडीखालून यायचे आणि म्हणायचे, 'भागे, आज ग्रीस फार लागलं.' मिशा चाटत म्हणायचे. मी म्हणायची, 'दमलात हो.'"

"मग तुम्ही बोलला कशा नाहीत? वैद्यबुवांनी सांगितलं होतं ना?"

"म्हणून तर पिचकारी मी भरायची! मोजून, तेवढीच. मी भरली नसती तर पोळंच्या पोळं फस्त केलं असतं त्यांनी. त्यांना वाटायचं, भरलेली आपोआप सापडते. कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर संपलंच ना सगळं." त्या हसल्या. मग जरा वेळ हसल्या नाहीत. "शेवटची भरून ठेवली, ती तशीच राहिली."

"आणि गाडीचा आवाज?" गेणूनं भीत भीत विचारलं.

"तेव्हाही वाजायची. घाटाच्या मध्यावर टक्-टक् ऐकू आली की मला कळायचं, हे आले. मग मी उठून चुलीपुढं बसायची. तोपर्यंत निवांत."

"पण मग ती अट? वाजली तर नाथाला देईन म्हणालात!"

"अट नसती तर तुम्ही गाडीखाली गेला असतात का? आणि तुम्ही गेला नसतात, तर माझ्या सोनाला महिन्यातून एक दुपार झोप कुठून मिळाली असती? पोरीनं तुमच्या पहिल्याच अवसेनंतर निरोप धाडला होता. 'आई, अगदी आबांसारखेच आहेत.'"

गेणूनं गाडी जवळजवळ झाडाला घातली.

"नाथा चांगला आहे हो," भागाबाई पुढं म्हणाल्या. "पण त्याला सगळं येतं. कुठलंही काम धरलं की लगेच संपवतो. आणि मग दिवसभर बायकोच्या मागं. चूल अशी का, पाणी तिथं का. माझी थोरली वाळून काटकी झालीय. त्याला गाडी दिली असती तर तो चटदिशी ग्रीस भरून उठला असता. पोरीला काय मिळालं असतं?"

बारसं झोकात झालं. मधाच्या वासानं घाटापासूनच्या मुंग्या गाडीमागून पाहुण्यांसारख्या आल्या होत्या. नाथानं वाकून गाडीखाली बघितलं आणि कपाळाला हात लावला. बाह्या नसताना बाह्या सारल्यासारखं करून तो खाली शिरला, मध धुतला, खरं ग्रीस भरलं आणि पाळणा म्हणून व्हायच्या आत उठला. "हे बघा! एवढंच तर काम असतं!" तो सगळ्यांना ओरडून सांगायला लागला.

रानातल्या साऱ्या बायका नाथाच्या बायकोकडं बघत होत्या. कुणी तिच्या पाठीवर हात ठेवला. कुणी तिच्या ओटीत एक उंबर जास्तीचं घातलं. गव्यानं आणि साळिंदरानं नाथाकडं बघितलं, ते मात्र मायेनं नव्हे.

परत जायला नाथाला चालावंच लागलं. गाडी वाजत नव्हती ना!

गेणूची जीप आता लोण्यासारखी चालायला लागली. अंगणात येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही. गेणू खूश. एकदा तो असाच आवाज न करता आला, तर सोना पिल्लाला पोटाशी घेऊन गाढ झोपलेली, चूल गार, आणि शेजारी मोहाच्या फुलांची रिकामी टोपली. ती दचकून उठली. त्या दिवसापासून तिचं काहीतरी बिनसलं.

खंडेनवमी आली. गेणू हळदीकुंकवाची वाटी घेऊन खाली शिरायला लागला.

"आणा इकडं," सोना म्हणाली. "यंदा खालची पूजा मी करते."

ती गाडीखाली गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा वाटी रिकामी होती. गेणूनं वाकून बघितलं. दोन्ही घुंड्या कुंकवानं अशा माखल्या होत्या की वर्षभर त्यात कुणाचं काही शिरू नये.

"फार झालं का हो?" सोनानं विचारलं.

"नाही," गेणू म्हणाला. "अजून थोडं चाललं असतं."

तात्पर्य: गाडीचं ग्रीसिंग घरच्या घरीच करावं. मात्र ते नीट करायला शिकू नये. काम लवकर संपतं, आणि घरात कुणालाच झोप मिळत नाही.